न गंजणारी माळ

"दिव्यांची एक माळ घ्यायची आहे," बाबा म्हणाले. "न गंजणारी. कुठे मिळेल?"

शुक्रवारची दुपार होती आणि मी त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होते. हल्ली माशांचे काटे बारीक यायला लागलेत असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मीही ते खरं धरून चालले होते. माळेचं ऐकून मात्र माझा हात थांबला.

"कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही."

"मग माळ कशाला?"

"मागच्या अंगणात लावायला."

"किती दिवस?"

"वर्षभर," बाबा म्हणाले, आणि भाताचा घास घेऊन गप्प झाले. एकदा गप्प झाले की त्यांना बोलतं करणं कुणालाच जमत नाही. सूर बंदराच्या खाडीत जहाज आणणारे जुने नाखुदा सगळे असेच. वारा पडला की बोलत नाहीत आणि सुटला तरी नाही.

आमच्या सूरमध्ये घरावर दिव्यांच्या माळा म्हणजे लग्न. दुसरा अर्थ नाही. गच्चीच्या कठड्यापासून खालपर्यंत, पुढच्या सगळ्या भिंतीवर माळा सोडतात. भाड्याने आणतात आणि नवरी सासरी पोचली की उतरवतात. एखाद्या घरावर संध्याकाळी माळ दिसली की बायका कुणाचं, काय, कधी हे विचारत बसत नाहीत. अबाया चढवतात आणि मुबारक म्हणायला निघतात. त्यामुळे माळ विकत घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि मागच्या अंगणात लावणारा तर ऐकलाही नव्हता. पुढच्या भिंतीवरची माळ जगाला सांगायला असते. मग मागची कशाला असेल? ज्याची वाच्यता करायची नाही असं लग्न, दुसरं काय.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची खोली मी अजून तशीच ठेवली आहे. पितळी फुल्यांची पेटी, आरसा, अर्धी संपलेली अत्तराची बाटली. बाबा त्या घरात एकटे राहतात आणि मी दोन गल्ल्या सोडून राहते. माझा धाकटा भाऊ खलफान मस्कतला असतो, चौथ्या मजल्यावर. त्याची अट पहिल्यापासून ठरलेली: बाबांना एकट्याने जमत नाही असं दिसलं, की त्याच दिवशी त्यांना मस्कतला नेणार आणि घर भाड्याने देणार. बाबांनी ती अट ऐकली होती आणि तेव्हापासून ते मला काहीही लागलं तरी मागत नव्हते. म्हणून तर माळेचं नवल वाटलं. पंच्याहत्तरीच्या माणसाने दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं काय, तर लायटिंग.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो बातम्या बघत होता.

"करू दे की लग्न," तो म्हणाला.

"आईच्या खोलीत?"

"खोल्या तीन आहेत."

मग मी माझ्याजवळचे पुरावे त्याच्यासमोर मांडले. कारण पुरावे होते, मी ते तोवर एका जागी आणले नव्हते इतकंच. बाबांची पिकअप गाडी. ती आता मागच्या घरातल्या झुवैनाचा मुलगा सुलय्यिम चालवतो. विचारलं तर म्हणाले, उभी राहून टायर बसत होते. मग रोटी. रोज संध्याकाळी मागच्या दारातून झुवैनाकडची पातळ रोटी येते, कापडात गुंडाळून. मग बाबांचं लक्ष. परवा मी त्यांच्या शेजारी येऊन बसले, ओढणी काढली, दोनदा खाकरले, तरी त्यांना पत्ता नाही. कॉफी ओतली ती पेल्याच्या बाहेर. नडगीवर काळानिळा डाग आहे, म्हणे बकरीने मारलं. आमच्याकडे बकरी कधीची नाही.

"बकरी झुवैनाकडे आहे," नवरा म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

झुवैना विधवा आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत. आमचं मागचं फाटक उघडलं की डाव्या हाताला तिचं दार, आणि पुढे सरळ वाट खाडीकडच्या मशिदीला जाते. बाई हसरी, हाताला चव. आई आजारी असताना सूप घेऊन यायची. तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटायचं. आता ते सूपसुद्धा मी नव्याने आठवून पाहिलं.

दुकानात मी मुद्दाम बरोबर गेले. बाबा माझा दंड धरून चालले. पूर्वी कधी धरत नसत. मला वाटलं, मनात काहीतरी असलं की बाप मुलीशी जरा गोड वागतो.

बाजारात कोयाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. कोया केरळचा, पण तीस वर्षं सूरमध्ये काढलेला. आमच्यापेक्षा त्यालाच कुणाचं लग्न कुठे जमतंय ते आधी कळतं.

"मुबारक, नाखुदा," तो म्हणाला. "कुणाचं?"

"कुणाचं नाही. माळ दाखव. वर्षभर बाहेर राहील अशी."

कोयाने माझ्याकडे पाहिलं. मी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं.

त्याने पहिली काढली ती उन्हावर चालणारी. "वायर नको, बिल नको. दिवसा ऊन पिते, संध्याकाळी आपोआप लागते."

"पहाटेच्या नमाजापर्यंत जळेल?"

"पहाटेपर्यंत कशाला, नाखुदा? एवढा वेळ कोण जागं असतं?"

"जळेल का ते सांग."

"मध्यरात्रीनंतर मंद होईल."

"मग नको. आणि तिच्या उन्हाच्या पाटीवर धूळ बसली की पुसायला वर कोण चढणार? तू?"

पहाटेपर्यंत. मी ते मनात लिहून ठेवलं.

दुसऱ्या खोक्यावरचा आकडा कोयाने बोटाने दाखवला. "हा बघा. एवढा आकडा म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालतं. कंपनीची गॅरंटी."

"फवाऱ्याचं कोण विचारतंय? हवेचं बोल. आमची हवा पाण्यापेक्षा खारट आहे. तुझ्या कंपनीचा माणूस सूरला येऊन राहिलाय कधी?"

"कंपनी चीनमध्ये आहे, नाखुदा."

"मग त्याला काय कळणार."

ती माळ लुकलुकत होती. बाबा म्हणाले, लुकलुकणारी नको, एकसारखी जळणारी हवी. काचेचे दिवे नकोत, वाऱ्याने आपटतात. त्यांनी एकेक दिवा उचलून नाकासमोर धरला, नखाने टिचकी मारली, जिथे वायर दिव्याला मिळते तो सांधा अंगठ्याने चाचपून पाहिला. मासळी बाजारात ते कल्ले असेच बघायचे. शेवटी कोयाने मागच्या फळीवरून एक जाड काळी माळ ओढून काढली. रबरी वायर, तिच्यातच ओतलेले होल्डर, दिवे प्लास्टिकचे, आणि एक गेला तर तेवढाच बदलायचा, बाकीचे चालू राहतात.

"ही हॉटेलवाले नेतात," कोया म्हणाला. "दिसायला चांगली नाही म्हणून लग्नवाले नेत नाहीत."

"दिसायचं काय करायचंय," बाबा म्हणाले. "तिन्ही दे. जी टिकेल ती ठेवीन, बाकीच्या परत आणीन. आणि एक दिवा लाल दे."

"एकच लाल? बाकी सगळे पांढरे?"

"एकच. शेवटचा. मागच्या फाटकावरचा."

कोयाने हसू दाबलं आणि खोकी बांधायला खाली वाकला. मी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मागच्या फाटकावर, झुवैनाच्या दारापासून हातभर अंतरावर, लाल दिवा. आता पुरावे शोधायला नको होते, नुसते उचलायचे होते.

बाबांनी तिन्ही माळांची टोकं गच्चीवर खाडीच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवली. दिवसा बाहेर काढून उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. जहाजावरचा दोर विकत घेण्याआधी ते असंच करायचे. आठवडाभरात पहिलीच्या धातूच्या पट्ट्यांना नारिंगी गंज चढला. दुसरीच्या वायरीचं कातडं सुटायला लागलं, पाल कात टाकते तसं. कोयाच्या आकड्याचा काही उपयोग झाला नाही. काळी माळ मात्र होती तशीच राहिली. बाबांनी तिच्या प्रत्येक होल्डरच्या तोंडाला मुशीचं तेल लावलं, जे जहाजाच्या फळ्यांना लावतात. सगळी गच्ची मासळीच्या गोदामासारखी घाण मारू लागली. मला त्यातल्या त्यात एक बरं वाटलं, की हा वास घेऊन कुठली नवरी घरात पाऊल टाकणार नाही.

पण गावाला वास येत नव्हता, बातमी येत होती. एका दुपारच्या कॉफीला गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. यजमानीणबाईने माझ्या मुलाच्या नावाने हाक मारत हलव्याची ताटली माझ्यापुढे सरकवली. "खा गं, उम्म मुंधिर. आता तुमच्याकडचा खायचाच आहे."

"कसला आमच्याकडचा?"

"आम्हाला काय माहीत. कोयाला विचार."

सगळ्याजणी पेल्यात बघून हसल्या. मी हलवा खाल्ला. नाही खाल्ला असता तर त्याचीही बातमी झाली असती.

त्याच संध्याकाळी खलफानचा फोन आला.

"बाबा लायटिंग करतायत म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"निम्मं सूर मस्कतमध्ये राहतं, नसरा. नाटक काय चाललंय तिथे?"

"मागच्या अंगणात उजेड हवाय त्यांना."

"उजेड कशाला हवाय? धडपडतात का?"

"लग्नाचं म्हणतात लोक," मी घाईने म्हणाले. का म्हणाले ते तेव्हा मला कळलं नाही.

"गुरुवारी येतोय मी. मोठी बॅग घेऊनच येतो. धडपडत असतील तरी आणि लग्न करत असतील तरी, इथे माझ्या डोळ्यांसमोर असलेले बरे."

फोन ठेवून मी तडक झुवैनाच्या अंगणात गेले. ती तव्यावर रोटीचं पीठ हाताने पसरत होती. पातळ, कागदासारखं. मी मुबारक-बिबारक काही म्हटलं नाही.

"उम्म सुलय्यिम, माझ्या बापाची गाडी तुमच्या मुलाकडे का आहे?"

"चालवायला. नुसती उभी ठेवून काय तिला पिल्लं होणार आहेत?"

"आणि रोज रोटी?"

"रोटी खातात, नसरा. तुमच्याकडे काय करतात?"

"लोक काय बोलतायत कळलंय तुम्हाला?"

"कळलं की. नवरी असून सगळ्यांत शेवटी कळलं, त्याचा मात्र राग आला." तिने रोटी उचलून कापडावर टाकली. "हे बघ. चाळीस वर्षं मी एका पुरुषाच्या पांढऱ्या पायघोळ डिशदाशांना इस्त्री केली. रोज एक, जुम्म्याला दोन. तो गेला, इद्दतीचे दुखवट्याचे महिने संपले, त्या दिवशी सकाळी उठून मी आधी कुठलं काम केलं माहितीये? इस्त्री दान केली. आता तुझ्या बापासाठी मी नवी घेईन असं वाटतं तुला?"

मला हसू आलं, पण मी ते येऊ दिलं नाही. "मग तो लाल दिवा तुमच्या दाराशी कशाला?"

"माझ्या दाराशी मशिदीची वाट पण आहे. ती नाही दिसली?"

"मशिदीला जायला लाल दिवा लागतो?"

झुवैनाने तव्याखालची आग कमी केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तू तुझ्या बापालाच विचार. मी काही बोलणार नाही. मी त्याला शब्द दिलाय."

शब्दापर्यंत गेलं होतं. मी घरी आले आणि जेवले नाही.

गुरुवारी दुपारनंतर कोया शिडी घेऊन आला. बाबांनी सगळं आधीच आखून ठेवलं होतं. होडीच्या दुकानातून स्टीलची बारीक तार आणली होती. ती स्वयंपाकघराच्या दारापासून थेट मागच्या फाटकापर्यंत ताणायची आणि माळ तिला बांधायची, म्हणजे वायरीवर ओढ येत नाही. माळ अंगणाभोवती फिरवायची नाही, बसायच्या चौथऱ्यावर आणायची नाही. सरळ, रस्ता असावा तशी. शेवटच्या लाल दिव्यासाठी फाटकाच्या वर चुन्याने खूण केली होती. ती एवढी नेमकी, की चुना ओला असताना पुसून पुन्हा काढल्याचं दिसत होतं.

बाबा तिसऱ्या प्रहराच्या नमाजाला गेले होते. उजेड असताना ते एकटे जात. कोया शिडीवर आणि मी खाली.

"लाल दिवा तिकडे घ्या," मी उजव्या बाजूच्या मेंदीच्या झाडाकडे बोट दाखवलं. "झुवैनाच्या दारापासून लांब."

"नाखुदाने खूण केली आहे."

"मी सांगते ना."

"ते मला समुद्रात टाकतील."

"तुम्हाला पोहता येतं. लावा."

त्याने लावला. चुन्याच्या खुणेपासून चांगला दोन हात उजवीकडे. जाताना शिडी खांद्यावर घेऊन म्हणाला, "लग्नघरात भांडणं असतातच." मी त्याला चहा दिला नाही.

सूर्य बुडता बुडता बाबा अंघोळ, वजू करून, पांढरीशुभ्र डिशदाशा घालून स्वयंपाकघराच्या दारात आले. मी दाराला लागूनच उभी होते, पाण्याच्या रांजणापाशी. हात लांब केला असता तर त्यांच्या बाहीला लागला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ठरवलं, आपणही बोलायचं नाही. आज हा माणूस कुठे जातो ते बघायचंच.

अजान सुरू झाली. बाबांनी बटण दाबलं. अंगणावरून पांढऱ्या दिव्यांची एक ओळ सरळ फाटकाकडे धावली. खरं सांगायचं तर माळ छान दिसत होती. बाबांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे. पाऊल मागे घेतलं.

"लाल दिवा हलला," ते म्हणाले.

मला नाही, हवेला. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "कुणी हलवला? कोया?" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो वादळातला आवाज होता.

"मी हलवला," मी म्हणाले.

ते दचकले. मान वळवली ती माझ्या पलीकडे गेली, मग परत आली, मग माझ्यावर थांबली. "नसरा? तू कधी आलीस?"

"मी इथेच आहे. केव्हाची."

अजान संपत आली होती. मी रांजणाच्या आडून निघाले आणि बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले, अगदी चिकटून. त्यांच्या खांद्यावरून, ते बघत होते तिकडे पाहिलं. पांढरी ओळ. तिच्या टोकाला लाल दिवा. आणि फाटकाच्या मागे, दूर, उंच, मशिदीच्या मिनाराचा हिरवा दिवा. लाल हिरव्याच्या बराच उजवीकडे पडला होता. चुन्याची खूण मात्र हिरव्याच्या बरोबर खाली होती.

मी सात-आठ वर्षांची असताना संध्याकाळी मासेमारीहून परतताना बाबा मला नावेच्या मागच्या फळीवर उभी करायचे. खाडीचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना खडक. वाळूवर एक कंदील आणि त्याच्या मागे बुरुजावर दुसरा. "दोन्ही एकाखाली एक ठेव," ते म्हणायचे. "खालचा जिकडे पळेल, तिकडे सुकाणू. बाजूला बघायचंच नाही." मी ओरडायची, पळाला, पळाला, आणि ते नाव वळवायचे.

"बाजूचं दिसत नाही का?" मी त्यांच्या पाठीला विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"नळीतून बघावं तसं. समोरचं ठीक दिसतं. अंधार पडला की तेही कमी." त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "त्या नांगराला दोनदा अडकलो. झुवैनाने एकदा खाडीकडून हाताला धरून आणलं. गाडी मीच दिली तिच्या पोराला. कुणाला तरी उडवलं असतं मी."

जहाजाचा जुना नांगर अंगणात आईच्या वेळेपासून पडलेला होता. म्हणजे नडगीला लागलेली बकरी हीच.

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हाच सुरू झालं होतं. ती उजव्या बाजूने चालायची ना माझ्या."

ती उजव्या बाजूने चालायची. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

"सांगितलं का नाही?"

"तू खलफानला सांगितलं असतंस. त्याने चौथ्या मजल्यावर नेलं असतं." बाबांनी समोर बघत हात हलवला. "तिथे खिडकीतून हजार दिवे दिसतात. कुठला कुठल्या खाली आणू?"

मी पाण्याचं पिंप फाटकापाशी ओढत नेलं आणि वर चढले. तार सोडवायला वेळ लागला. दारात उभे राहून बाबा सांगत होते, "डावीकडे. अजून. जास्त झालं, परत ये. अजून जरा. बस, बांध." चुन्याची खूण माझ्या अंगठ्याखाली होती. ते आले. अंगण ओलांडून, नांगराला वळसा न घालता त्याच्या शेजारून, ताठ, मान न हलवता. फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी हात वर केला आणि लाल दिव्याला टिचकी मारली, दुकानात मारली होती तशी.

"रविवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी पिंपावरूनच म्हणाले. "माझ्याबरोबर. थेंब देतात म्हणे, आहे तेवढं तरी राहतं. कबूल असेल तर मी कुणाला काही सांगणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

"खाली उतर आधी, पडशील," ते म्हणाले आणि मशिदीच्या वाटेला लागले.

मी पिंप जागेवर नेऊन ठेवत होते तेवढ्यात पुढे गाडीचा हॉर्न वाजला. खलफान घरातून सरळ मागच्या अंगणात आला. दिवे बघून दारातच उभा राहिला.

"म्हणजे खरंच लायटिंग," तो म्हणाला.

"प्रवास कसा झाला?"

"ते राहू दे. कशाला आहे हे?" त्याची नजर ओळीबरोबर फाटकाकडे गेली, लाल दिव्यावर थांबली, मग भिंतीपलीकडच्या झुवैनाच्या दारावर. "नसरा. कोण आहे ती?"

कुणी नाही, असं म्हणणार होते मी. ते खरंही होतं. पण कुणी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग दिवे कशाला. आणि त्या प्रश्नाच्या मागे गाडीत ठेवलेली मोठी बॅग होती.

"तू बाबांनाच विचार," मी म्हणाले. "मी काही बोलणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द? म्हणजे ठरलंय?" त्याचा आवाज भिंतीपलीकडे सहज गेला असेल. "त्यांना मी आजच मस्कतला घेऊन जातो. इथे राहिले तर निकाह करून मोकळे होतील."

"आणि तिथे नाही होणार? मागोमाग ती आली तर? तुझ्याकडे चौथ्या मजल्यावर नवी सासू चालेल का, बायकोला विचारलंस?"

खलफान चौथऱ्यावर बसला. फोन काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. बायकोला विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे त्यालाही कळलं होतं.

"माणूस पंच्याहत्तरीचा आहे," तो म्हणाला.

"तब्येत चांगली आहे."

"दिसतंय."

फाटक उघडलं. बाबा आत आले, दिव्यांच्या ओळीखालून, उजळलेल्या दाराकडे बघत सरळ चालत. नुकता दाढीवरून हात फिरवलेला, डिशदाशेला एक सुरकुती नाही. खलफान उठून पुढे झाला, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि नवऱ्या मुलाला न्याहाळावं तसा त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिला. त्यांच्या मागोमाग झुवैना, कापडात गुंडाळलेली गरम रोटी घेऊन. तिने फाटकातच थांबून खलफानला सलाम केला, त्याच्या बायकोमुलांची चौकशी केली. खलफानने सगळी उत्तरं जमिनीकडे बघून दिली.

मी बाबांना बसवलं आणि कॉफीचा पेला त्यांच्या तळहातात नेऊन ठेवला, मान ठेवायचा म्हणून ठेवतात तसा. एक थेंब सांडला नाही.

"हे दिवे वर्षभर राहणार?" खलफानने विचारलं.

"वर्षभर," बाबा म्हणाले. "खाऱ्या पाण्यात घालून पारखून घेतलेत."

"एवढी तयारी."

"टिकायला हवं ना."

खलफानने कॉफी एका घोटात संपवली. गाडीतली बॅग आणायला तो उठला नाही, आणि उद्या जुम्म्याची नमाज झाली की निघतो असं काहीतरी पुटपुटला.

मी रोटी घ्यायला फाटकाशी गेले. लाल दिव्याखाली झुवैना माझी वाट बघत उभी होती. तिचं तोंड हसरं नव्हतं.

"भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं, नसरा," ती हळूच म्हणाली. "आता मला एवढंच सांग, दान केलेली इस्त्री परत मागता येते का?"

"थोडे दिवस, उम्म सुलय्यिम. तो मस्कतला पोचेपर्यंत."

"आणि पुन्हा आला की?"

मी काही बोलायच्या आत मागून चौथऱ्यावरून आवाज आला.

"कसली इस्त्री?" खलफान विचारत होता.